अंगावरचं दूध आणि बाळाची ॲलर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या शीत रक्त दिसलं, अंगावर चट्टे उठले किंवा बाळ रात्रभर रडलं की घरात पहिला संशय येतो तो आईच्या दुधावर. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. अंगावरचं दूध विनाकारण तुटू नये म्हणून आयांकडून आणि आज्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण उत्तरांमध्ये एकमेकांचे संदर्भ येतात.

१. बाळाला माझ्याच दुधाची ॲलर्जी असू शकते का?

आईच्या दुधातल्या स्वतःच्या प्रथिनांची ॲलर्जी बाळाला होत नाही, असंच समजून चाला. आईने खाल्लेल्या एखाद्या पदार्थाचं प्रथिन मात्र फार थोड्या प्रमाणात दुधात उतरतं आणि काही बाळांना ते सोसत नाही. यात सगळ्यांत पुढे आहे गाई-म्हशीचं दूध. त्यानंतर सोया, अंडं, क्वचित गहू. फक्त अंगावर पिणाऱ्या दोनशे बाळांत जेमतेम एखाद्याला गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असते. अशा वेळी बदलायचं असतं ते आईचं ताट. अंगावर पाजणं चालूच ठेवायचं.

२. मी खाल्लेलं दुधात किती वेळात उतरतं? पंप करून ते दूध फेकून दिलं तर चालेल का?

काही प्रथिनं तासा-दोन तासांत दिसू लागतात आणि बहुतेक सहा-आठ तासांत कमी होतात. पण हे प्रमाण आईगणिक बदलतं, आणि एकाच आईच्या दुधात एका दिवशी सापडलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. म्हणून ‘चार तास थांबते, एकदा पिळून टाकते, मग पाजते’ असा हिशेब जमत नाही. चुकून पेढा खाल्ला गेला तरी दूध फेकू नका, पाजत राहा. पुढचे दोन-तीन दिवस बाळाकडे जरा जास्त लक्ष ठेवा आणि त्या दिवसाची तारीख वहीत टिपा.

३. सासूबाई हरभऱ्याची डाळ, वांगं, कोबी, बटाटा, पावटा बंद करायला सांगतात. बाळाला वात होतो म्हणतात.

हे पदार्थ खाऊन आईच्या पोटात गॅस होतो तो तिच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे. तो गॅस रक्तातून दुधात जात नाही. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठतं, विशेषतः संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आई काहीही खात असली तरी हा क्रम असाच राहतो. नेमक्या याच दिवसांत घरात पथ्यं वाढत जातात, रडणं वयानुसार कमी होतं आणि श्रेय पथ्याला मिळतं. सासूबाईंची काळजी खरी आहे, तिला मान द्या. पण बाळंतिणीला या काळात रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. भात, मेतकूट आणि तूप एवढ्यावर तिला ठेवलं तर त्रास आधी तिलाच होतो.

४. कोणती लक्षणं ॲलर्जीची आणि कोणती नाहीत?

ॲलर्जी दोन तऱ्हांनी दिसते. एक झटपट: खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, खोकला, घरघर. ही बहुतेक वेळा बाळाने स्वतः काही खाल्ल्यावर दिसते. अंगावरच्या दुधातून ती फार क्वचित दिसते. दुसरी सावकाश: काही तासांनी किंवा दिवसांनी शीत रक्त आणि शेंबडासारखा चिकट स्राव, सारखे जुलाब, वजन न वाढणं, औषधाला दाद न देणारा इसब.

आता नसलेली लक्षणं. दिवसातून आठ-दहा वेळा पिवळी पातळ शी होणं आणि चार-पाच दिवस शीच न होणं, या दोन्ही गोष्टी फक्त अंगावर पिणाऱ्या बाळात नेहमीच्या आहेत. हिरवी शी, पाजल्यावर थोडं दूध टाकणं, गालावर आणि मानेत घामोळ्यासारखे दाणे येणं, हेही तसंच. बाळ हसतं-खेळतं असेल, वजन वाढत असेल आणि तक्रार एकच असेल, तर ॲलर्जीचा विचार शेवटी करा.

५. शीत रक्ताचे लाल धागे दिसले. लगेच दूध बंद करू का?

आधी बाळाकडे पाहा. बाळ मजेत आहे, पितं आहे, पोट मऊ आहे आणि वय दोन आठवडे ते चार महिने आहे, तर आतड्याच्या शेवटच्या भागाला ॲलर्जीमुळे आलेली सूज हे एक कारण असू शकतं. दिसायला भीतिदायक असली तरी ही ॲलर्जीतली सौम्य जात आहे. दुसरी कारणंही पडताळून घ्या. तुमच्या स्तनाग्राला चीर पडली असेल तर बाळाने गिळलेलं रक्त शीतून येतं. शी घट्ट असेल तर गुदद्वाराजवळ चीर असू शकते. जंतुसंसर्गातही रक्त पडतं. लंगोट फेकू नका. त्याचा मोबाइलवर उजेडात फोटो काढा आणि बाळाला दाखवायला नेताना तो सोबत ठेवा. फोटोमुळे डॉक्टरांचे निम्मे प्रश्न वाचतात.

मात्र बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, मधे मधे गळून जात असेल, हिरवी उलटी होत असेल, शी लाल जेलीसारखी असेल किंवा ताप असेल, तर ही ॲलर्जी समजत बसू नका. आतड्यात आतडं अडकल्यावर असं होतं आणि त्याला तासाभराचाही उशीर परवडत नाही. नवजात बाळात बेंबीतून किंवा सुईच्या जागेतूनही रक्त येत असेल तर तेही तातडीचं आहे. रक्त गोठायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं; जन्मताच त्याचं इंजेक्शन दिलं होतं का, ते डिस्चार्ज कार्डावर पाहा.

६. बाळाला लॅक्टोज पचत नाही म्हणून अंगावरचं बंद करून लॅक्टोज नसलेली पावडर सुरू करायला सांगितलं आहे. बरोबर आहे का?

लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ॲलर्जी होते ती प्रथिनाची. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि आईने दूध सोडलं तरी ते तेवढंच राहतं, कारण ते स्तनातच तयार होतं. जन्मतःच लॅक्टोज न पचणं फारच दुर्मीळ आहे. जुलाबानंतर काही दिवस ते कमी पचतं, शी फसफसून येते, ढुंगण लाल होतं. आतडं भरून आलं की ते थांबतं आणि तोवर अंगावर पाजत राहणं हाच उपाय आहे. शिवाय लॅक्टोज काढलेल्या साध्या पावडरीत गाईचं प्रथिन तसंच असतं. बाळाला खरोखर ॲलर्जी असेल तर ती पावडर त्रास वाढवेल.

७. माझ्या जेवणातून दूध बंद करायचं म्हणजे नेमकं काय काय?

बाळाच्या डॉक्टरांशी बोलून, एका वेळी एकच पदार्थ, तोही पूर्ण बंद. अर्धवट बंद केलं तर दोन आठवड्यांनी काहीच कळत नाही.

दूध, चहा-कॉफीतलं दूध, दही, ताक, कढी, लोणी, साय, पनीर, चीज, खवा, पेढे, बर्फी, बासुंदी, श्रीखंड हे तर सगळ्यांच्या लक्षात येतं. घसरतं ते पुढच्या ठिकाणी: दह्यातली कोशिंबीर, पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून कणकेत घातलेलं दूध, चहाबरोबरची बिस्किटं, बेकरीचे पाव आणि टोस्ट, दुधात घेतलेला शतावरी कल्प आणि बाळंतिणीसाठी म्हणून विकली जाणारी प्रोटीन पावडर. ही पावडर पुष्कळदा दुधाच्याच प्रथिनापासून केलेली असते. वेष्टनावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसिनेट यांतला कुठलाही शब्द दिसला तर तो पदार्थ बाजूला ठेवा. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येसुद्धा केसिनेट असू शकतं.

मुदत दोन ते चार आठवडे. रक्त बऱ्याचदा तीन-चार दिवसांत कमी होतं, पण पूर्ण थांबायला दोन आठवडे लागू शकतात. इसबाला चार आठवडे द्या. एवढ्यात काहीच फरक पडला नाही तर दूध पुन्हा सुरू करा. ‘राहू दे बंदच’ म्हणून पुढचा पदार्थ तोडत जाऊ नका. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, सोया सगळंच सोडून वाळत चाललेल्या आया आहेत आणि त्यांच्यातल्या पुष्कळ जणींच्या बाळांना मुळात ॲलर्जी नसते.

८. तूप चालेल का? आणि म्हशीचं, शेळीचं किंवा देशी गाईचं ए-टू दूध?

तुपात मुख्यतः स्निग्धांश असतो, पण बेरीबरोबर प्रथिनाचा अंश उरतो. चाचणीच्या दोन-चार आठवड्यांत तूप नको. फोडणीला तेल वापरा, भातावर खोबरेल तेल किंवा तिळाचं तेल घ्या. चाचणी संपल्यावर सौम्य लक्षणांच्या बाळात डॉक्टर बहुधा तूप आधी परत देतात.

म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. गाईचं न सोसणाऱ्या दहांपैकी नऊ बाळांना तीही सोसत नाहीत. ए-टू दुधात केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाच्या एका प्रकारातलं एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) वेगळं असतं. ॲलर्जीला तेवढा फरक पुरत नाही. उकळूनही केसीन मोडत नाही आणि विरजण लावल्यानेही जात नाही.

९. दूध सोडलं तर कॅल्शियम कुठून? बाळंतिणीचे लाडू-खिरी बंद का?

बाळंतिणीला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्यांत, ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मोठा चमचाभर तिळात शंभरेक. राजगिऱ्याची पालेभाजी, काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे, अळीव यांतूनही मिळतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या रोज दोन गोळ्या देण्याचं धोरण आहे. त्या मागून घ्या, जेवणानंतर घ्या आणि लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका.

लाडू बंद करायची गरज नाही. अळिवाचे लाडू नारळ आणि गुळात होतातच. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करा: अळीव दोन तास भिजवा, गुळाच्या पाण्यात शिजवा, नारळाचं दूध शेवटी घाला आणि नंतर उकळू नका, नाहीतर फाटतं. डिंक तुपाऐवजी तेलात मंद आचेवर तळला तरी फुलतो. सोया दूध मात्र पहिला पर्याय म्हणून धरू नका. दुधाची सावकाश ॲलर्जी असलेल्या बऱ्याच बाळांना सोयाही सोसत नाही.

१०. दूध बंद केल्यावर बाळ बरं झालं. आता पुन्हा खाऊन बघा म्हणतात. कशाला हात पोळून घ्यायचा?

कारण त्याशिवाय निदान होत नाही. शीतलं रक्त कित्येकदा काही न करताही थांबतं. पहिल्या दिवशी चहापुरतं दूध, मग अर्धा कप, मग एक कप, असं आठवडाभरात नेहमीच्या प्रमाणावर या. त्रास परतायचा असेल तर बहुधा तीन दिवसांत, फार तर आठवड्यात परततो. परतला तर निदान पक्कं: दूध पुन्हा बंद, बाळ नऊ महिने ते एक वर्षाचं होईपर्यंत किंवा किमान सहा महिने. नाही परतला तर तुमचं दही-ताक तुम्हाला परत मिळालं.

अपवाद महत्त्वाचा आहे. बाळाला झटपट प्रकारची लक्षणं (प्रश्न ४) आली असतील किंवा प्रश्न १४ मधल्यासारखा उलट्यांचा झटका येऊन गेला असेल, तर ही चाचणी घरी करायची नाही.

११. रक्ताच्या तपासणीत कळत नाही का?

झटपट प्रकारात आयजीई (झटपट ॲलर्जी घडवणारं रक्तातलं प्रतिपिंड) तपासणी किंवा त्वचेवरची टोचून केलेली चाचणी उपयोगी पडते. तीही लक्षणांशी ताडून पाहावी लागते. तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ आलेला पदार्थ बाळ रोज सुखाने खात असेल तर तो बंद करायचा नाही. शीत रक्त येणाऱ्या सावकाश प्रकारात या तपासण्या बहुधा ‘निगेटिव्ह’ येतात. शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारी आयजीजी (दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड) तपासणी करूच नका. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, एवढाच अर्थ होतो.

१२. बाळगुटी, तेलाचं मालिश आणि डाळीचं पीठ यांचा ॲलर्जीशी काही संबंध?

आहे, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग यांच्या जोडीला बदाम आणि खारकेचा वेढा असतो. म्हणजे ‘फक्त अंगावर’ पिणाऱ्या बाळाच्या तोंडात पहिल्या महिन्यातच बदाम जातो. चट्टे उठले की आईच्या ताटाची झडती होते, सहाणेकडे कुणी बघत नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीही नको. मध तर एक वर्षापर्यंत बोटाच्या टोकाएवढाही नको. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंमुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

त्वचेचा मुद्दा वेगळा. निरोगी कातडी प्रथिनं अडवते. इसबाने फुटलेल्या, खरखरीत कातडीतून ती आत शिरतात आणि तोंडावाटे ओळख होण्याआधीच शरीर त्यांना शत्रू ठरवतं. साय-हळद आणि हरभरा डाळीच्या पिठाने रगडून आंघोळ म्हणजे दूध आणि हरभरा दोन्ही फुटक्या कातडीवर चोळणं. हरभऱ्याची ॲलर्जी आपल्याकडे आढळतेच. इसब असलेल्या बाळाला डाळीचं पीठ, बदाम तेल, शेंगदाण्याचं तेल, मोहरीचं तेल टाळा. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची आंघोळ, अंग टिपून लगेच बिनवासाचं मलम, एवढं पुरे.

१३. उष्टावणानंतर शेंगदाणे, अंडी उशिरा द्यावीत ना?

पूर्वी तसंच सांगितलं जायचं, आता सल्ला उलटा आहे. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेला ‘लीप’ अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही चार ते अकरा महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली बाळं होती. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी होती, नियमित खाल्लेल्यांत ३ टक्के. म्हणून सहा महिने पूर्ण झाले, पेज-वरण अंगवळणी पडलं की शेंगदाणा, अंडं, गहू, तीळ, मासे एकेक करून द्या आणि अंगावर पाजणं चालू ठेवा. तीव्र इसब असेल किंवा कशाने तरी आधी झटका येऊन गेला असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

शेंगदाणा असा द्या. भाजून सालं काढलेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवा. भाजीत घालतो ते रवाळ कूट नको, बाळाला ठसका लागतो. अख्खे दाणे तर पाच वर्षांपर्यंत नकोत. पाव छोटा चमचा पेस्ट कोमट पाण्यात किंवा आईच्या दुधात पातळ करा. सकाळी द्या, बाळाला सर्दी-ताप नसताना, घरात दोन माणसं असताना. चमच्याच्या टोकाने चाटवा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं द्या आणि दोन तास नजर ठेवा. सोसलं तर हळूहळू वाढवत दोन छोटे चमचे, आठवड्यातून तीनदा. एकदा देऊन महिनाभर विसरलात तर उपयोग नाही. अंडं दहा-बारा मिनिटं उकडून, पांढरं आणि पिवळं दोन्ही कुस्करून, याच पद्धतीने.

बोरन्हाणात डोक्यावरून ओततात त्या चुरमुरे, बोरं, तिळगुळात बाळ काय उचलून तोंडात घालतं ते पाहायला एक माणूस बसवा. ठसका आणि तिळाची पहिली ओळख एकाच वेळी नको.

१४. तांदळाची पेज दिल्यावर दोन-तीन तासांनी भडाभडा उलट्या झाल्या, बाळ पांढरं पडलं आणि लुळं झालं. पुरळ नव्हतं. पेजेने असं होतं?

होऊ शकतं. एफपीआयईएस (अन्नातल्या प्रथिनामुळे आतड्याला येणारी सूज) नावाची ही ॲलर्जी खाल्ल्यावर एक ते चार तासांनी दिसते. तांदूळ, ओट्स, गाईचं दूध, सोया हे तिचे नेहमीचे पदार्थ. गांधी उठत नाहीत, आयजीई तपासणीत बहुधा काही येत नाही, म्हणून ‘बाधलं’ किंवा ‘दृष्ट लागली’ असं म्हणून सोडून दिलं जातं आणि पुढच्या वेळी पेज दिल्यावर तेच होतं. तोच पदार्थ, तेवढ्याच तासांनी, दुसऱ्यांदा: ही तिची ओळख. बाळ लुळं पडलं तर सलाईन लागतं, थेट दवाखाना गाठा. अशी बाळं अंगावरचं दूध मात्र जवळपास नेहमी सुखाने पितात. आईला भात सोडायची गरज सहसा पडत नाही.

१५. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

तोंडातलं काढा. फक्त थोड्या गांधी असतील आणि बाळ खेळत असेल तर डॉक्टरांना फोन करा, डोळ्यांआड करू नका. पण आवाज घोगरा झाला, खोकला-घरघर सुरू झाली, लाळ गळू लागली, लागोपाठ उलट्या झाल्या किंवा बाळ एकदम गप्प, ढिलं झालं, तर १०८ ला फोन करा किंवा जवळ असलेल्या दवाखान्यात पोचा. बाळाला आडवं ठेवा, खांद्यावर उभं धरू नका. उलटी होत असेल तर कुशीवर. यावर औषध एकच: ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. खाजेचं गोड औषध श्वास सोडवत नाही, ते पाजण्यात वेळ घालवू नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, झटका परत येऊ शकतो.

१६. अंगावरचं बंद करून खास पावडर कधी द्यावीच लागते?

आईने काटेकोर पथ्य पाळूनही बाळाचं वजन घटत असेल, किंवा दूधच पुरत नसेल तेव्हा. त्यातही जेवढं आहे तेवढं अंगावर पाजून वरून पावडर देता येते. ती ‘पूर्ण विघटित’, म्हणजे फार बारीक तुकडे केलेल्या प्रथिनाची हवी. फार तीव्र त्रासात अमिनो आम्लांची. ‘अंशतः विघटित’ पावडर ॲलर्जीवर चालत नाही. सहा महिन्यांच्या आत सोया पावडर नको. बदामाचं किंवा तांदळाचं दूध बाळाचं मुख्य अन्न होऊ शकत नाही. भारतात दोन वर्षांखालच्या बाळांच्या पावडरची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. कुणी दवाखान्यात फुकट डबा हातात ठेवला तर तो नाकारा.

१७. अंड्याची ॲलर्जी आहे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस द्यावी का?

द्यावी, वेळेवर. या लशीत अंड्याचं प्रथिन जवळजवळ नसतंच. केंद्रावर ॲलर्जीची कल्पना द्या आणि नेहमीप्रमाणे अर्धा तास थांबा.

१८. ही ॲलर्जी जाते कधी? आणि बाहेरचं खाणं कसं सांभाळायचं?

शीत रक्त येणारा प्रकार बहुतेक बाळांत वर्षभरात जातो. दूध आणि अंड्याची झटपट ॲलर्जी पुष्कळ मुलांत शाळेत जाईपर्यंत ओसरते. शेंगदाण्याची मात्र पाचांतल्या एखाद्याचीच जाते. दूध परत देताना सावकाश प्रकारात सुरुवात दूध घालून भाजलेल्या बिस्किटाच्या तुकड्याने करतात. पिठात मिसळून भट्टीत भाजलं गेलेलं प्रथिन सोसायला सोपं जातं. मग भाजलेले इतर पदार्थ, मग दही, शेवटी साधं दूध. पायरी चढायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

पाकिटांवर दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, सोया, गहू यांची ॲलर्जीची सूचना छापणं २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाहीत, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर घटकांची सगळी यादी वाचा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहाराचंही तसंच: सेविकाताईंना बाळाला काय चालत नाही ते चिठ्ठीवर लिहून द्या. पाळणाघरात आणि आजोळी तीच चिठ्ठी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा.